वेदनेवरील औषध आणि दोन प्रकारचे अपराध

वेदना वर्गभेद पाळत नाही, असे वरवर पाहता वाटते. कर्करोग गिरणीमालकालाही होतो आणि विडी कामगार स्त्रीलाही होतो. हाड मोडल्यावर होणारी कळ सावकाराला आणि शेतमजुराला सारखीच असते. परंतु वेदनेचे शमन मात्र वर्गभेद कटाक्षाने पाळते. महानगरातील मोठ्या खासगी रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या उशाशी मॉर्फिनचे यंत्र लावले जाते आणि कळ आली की रुग्ण स्वतः कळ दाबून मोजकी मात्रा घेऊ शकतो. तोंडाचा कर्करोग अखेरच्या अवस्थेला पोहोचलेला शेतमजूर मात्र 'आता घरी न्या, काही करण्यासारखे उरले नाही' हे शब्द ऐकून एस. टी.ने गावी परततो आणि ओसरीवर आठवडेच्या आठवडे तळमळत पडतो. त्याला परत पाठवणाऱ्या व्यवस्थेजवळ करण्यासारखे पुष्कळ उरलेले असते. त्याचा रोग बरा होणार नाही हे खरे. पण त्याची वेदना बहुतांशी थांबवता येते, आणि ती थांबवणारी गोळी महागही नाही.

मॉर्फिन हे अफूपासून मिळणारे औषध आहे. जर्मन औषधनिर्माता सेर्ट्युर्नर याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते अफूतून वेगळे केले. दोनशे वर्षांत औषधशास्त्राने प्रचंड प्रगती केली, तरी तीव्र वेदनेवर त्याची जागा पूर्णपणे घेऊ शकेल असे औषध अद्याप सापडलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, भारताच्या राष्ट्रीय यादीतही आहे. त्याच्यावर आज कोणाचे पेटंट नाही. असे असताना ते गरजवंताला का मिळत नाही, आणि जेथे मिळाले तेथे त्याने हाहाकार का माजवला, हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारले पाहिजेत. एकच प्रश्न विचारणाऱ्याला अर्धेच उत्तर मिळते.

अफूच्या देशात मॉर्फिनचा दुष्काळ

भारत हा कायदेशीर रीतीने अफूचा चीक काढणारा जगातील प्रमुख देश आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांत केंद्र सरकारच्या परवान्याने शेतकरी अफू पिकवतात. नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत, त्यांतील गाझीपूरचा कारखाना १८२० सालचा, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातला आहे. या अफूचा इतिहास लज्जास्पद आहे. कंपनीने ती चीनच्या जनतेच्या गळी उतरवली, ब्रिटनने त्यासाठी युद्धे केली, आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला पाठवून मुंबईतील व्यापारी गबर झाले. सर जमशेटजी जीजीभाई हे त्यांपैकी अग्रगण्य. ज्यांच्या देणगीतून मुंबईचे प्रसिद्ध रुग्णालय १८४५ साली उभे राहिले, त्यांच्या संपत्तीत अफूच्या व्यापाराचा वाटा मोठा होता. वसाहतवादाने या मातीतून विष निर्यात केले. स्वतंत्र भारताला याच मातीतून औषध काढून आपल्या रुग्णांना देता आले असते. प्रत्यक्षात देशात तयार होणाऱ्या मॉर्फिनचा फार मोठा भाग कोडीन बनवण्यासाठी वापरला गेला, आणि वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाच्या वाट्याला त्याचा कण येणेही दुरापास्त झाले.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. वेदनाशमनाची व उपशामक उपचारांची गरज असलेल्या भारतीय रुग्णांच्या गरजेपैकी अवघी ४ टक्के गरज उपलब्ध अफूजन्य औषधांतून भागते, असे त्याने दाखवून दिले. जगात दरवर्षी वाटल्या जाणाऱ्या सुमारे २९८ टन मॉर्फिनसमान औषधांपैकी सर्वांत गरीब देशांना मिळाला तो एक दशांश टन, म्हणजे जेमतेम १०० किलो. अमेरिकेत मात्र गरजेच्या तीस पटींहून अधिक साठा पोहोचत होता. धान्याच्या, पाण्याच्या आणि जमिनीच्या वाटपातील विषमतेविषयी आपल्याकडे बोलले जाते. वेदनाशमनाच्या वाटपातील ही विषमता त्या सर्वांहून उघडी आहे. परंतु तिच्याविषयी कोणी मोर्चा काढत नाही, कारण ज्यांनी मोर्चा काढावा ते अंथरुणावरून उठू शकत नाहीत.

ही स्थिती केवळ दारिद्र्यामुळे आलेली नाही, ती कायद्यानेही आणली. १९८५ साली संसदेने अमली पदार्थविरोधी कायदा संमत केला. तस्करीला आळा घालण्याचा त्याचा हेतू योग्य होता. पण दहा वर्षांच्या किमान सक्तमजुरीची तरतूद असलेला हा कायदा लिहिताना रुग्णशय्येवरील माणसाचा विचार फारसा झाला नाही. मॉर्फिन बाळगण्यासाठी रुग्णालयाला अनेक राज्यांत चार-पाच वेगवेगळे परवाने लागत. त्यांतील काही उत्पादन शुल्क खात्याकडून, काही आरोग्य खात्याकडून, काही औषध नियंत्रकाकडून घ्यावे लागत; शेवटचा परवाना मिळेपर्यंत पहिल्याची मुदत संपत असे. एखाद्या कारकुनी चुकीपायी डॉक्टर आणि औषध विक्रेता गुन्हेगार ठरू शकत होता. परिणाम व्हायचा तोच झाला. दुकानदारांनी मॉर्फिन ठेवणे सोडले, रुग्णालयांनी मागणे सोडले, वैद्यकीय महाविद्यालयांनी शिकवणे सोडले. बारा-तेरा वर्षांत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नऊ दशांशांहूनही अधिक घटला. मॉर्फिनची गोळी कधी हाती न घेताच डॉक्टरांची एक सबंध पिढी पदवीधर झाली. अज्ञानातून भीती जन्मली आणि त्या भीतीने पुन्हा अज्ञानाचे रक्षण केले.

या अन्यायाविरुद्ध डॉक्टर, परिचारिका व रुग्णांचे नातेवाईक वर्षानुवर्षे झगडले. केरळमधील डॉ. एम. आर. राजगोपाल यांचे नाव त्यांत अग्रभागी घ्यावे लागेल. २०१४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फिनसह काही औषधांना 'अत्यावश्यक' अमली औषधांचा वेगळा दर्जा मिळाला, त्यांवरील नियंत्रण राज्यांच्या परस्परविसंगत नियमांतून काढून सबंध देशाला एकच नियमावली लागू झाली, आणि पाच परवान्यांच्या जागी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता आली. कायद्याच्या पुस्तकातील अडथळा असा दूर झाला. तथापि कायदा बदलला म्हणून वॉर्डातील कपाट भरत नाही. मान्यतेसाठी अर्ज करावा लागतो, प्रशिक्षित डॉक्टर नेमावा लागतो, नोंदी ठेवाव्या लागतात. ज्या रुग्णालयाला कोणी विचारणारा नाही, ते रुग्णालय हे कष्ट घेत नाही.

बाजाराच्या हाती दिलेले औषध

येथे सावध वाचक विचारील की अमेरिकेत काय घडले? प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९९६ साली पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकोडोनची दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी बाजारात आणली. ही गोळी घेणाऱ्यांत व्यसन जडण्याचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी आहे, असे कंपनीचे विक्रेते डॉक्टरांना सांगत फिरले. विक्रीनुसार त्यांना बक्षिसे मिळत, डॉक्टरांना परिषदांच्या नावाखाली सहली मिळत, रुग्णांना पहिल्या खेपेस फुकट गोळ्यांची कूपने मिळत. पाठदुखी, सांधेदुखी अशा दीर्घकालीन दुखण्यांसाठी, जेथे या औषधांचा लाभ संशयास्पद आणि धोका निश्चित होता, तेथेही ती खिरापतीसारखी वाटली गेली. खाणकामगारांच्या आणि बंद पडलेल्या कारखान्यांच्या वस्त्यांत त्यांचा पूर आला. पुढे गोळ्यांवर निर्बंध येताच व्यसनात अडकलेली माणसे हेरॉइनकडे वळली आणि त्यानंतर चोरट्या फेंटानिलकडे. २०२२ या एका वर्षात अफूजन्य पदार्थांच्या अतिमात्रेने तेथे ८० हजारांहून अधिक माणसे मेली.

कंपनीने २००७ साली न्यायालयात दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि धंदा चालू ठेवला. त्या वेळी तिच्या तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांनीही कबुली दिली, पण तुरुंगात कोणी गेले नाही. २०२० साली कंपनीने पुन्हा एकदा गुन्हा कबूल केला. भारतात एक पुडी सापडलेला गरीब पोरगा वर्षानुवर्षे कच्च्या कैदेत सडतो, याच्याशी हे ताडून पाहावे.

तेव्हा अपराध दोन आहेत. एकीकडे राज्यसंस्थेने औषधाकडे केवळ पोलिसाच्या नजरेने पाहिले आणि रुग्णाला वेदनेच्या हवाली केले. दुसरीकडे राज्यसंस्थेने औषध बाजाराच्या हाती सोपवले आणि रुग्णाला व्यसनाच्या हवाली केले. वरवर हे दोन परस्परविरुद्ध टोकांचे अपराध दिसतात. मुळाशी दोहोंत एकच उणीव आहे. रुग्णाच्या शेजारी बसून त्याची वेदना विचारणारे, मात्रा मोजणारे, परिणाम पाहणारे आणि नोंद ठेवणारे प्रशिक्षित माणूस दोन्ही ठिकाणी नव्हते. बंदीच्या व्यवस्थेला त्याची गरज वाटली नाही. नफ्याच्या व्यवस्थेला ते अडचणीचे वाटले.

सुरक्षितता म्हणजे काय

मॉर्फिनचा सुरक्षित वापर हे काही गूढ शास्त्र नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली त्याची साधी सूत्रे घालून दिली. शक्यतो औषध तोंडावाटे द्यावे. ते घड्याळाप्रमाणे द्यावे, म्हणजे वेदना उसळण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने द्यावे. पायरीपायरीने चढावे: सौम्य वेदनेला पॅरासिटामॉलसारखे औषध, त्याने न भागल्यास सौम्य अफूजन्य औषध, आणि तीव्र वेदनेला मॉर्फिन. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणून ती दर चार तासांनी दिली जाते. आरंभ अल्प मात्रेने करावा, प्रौढाला साधारणतः ५ ते १० मिलिग्रॅम, वृद्धाला व अशक्ताला त्याहून कमी. मधेच कळ उसळली तर दिवसाच्या एकूण मात्रेच्या सुमारे एक षष्ठांश इतकी जादा मात्रा देता येते, आणि अशा जादा मात्रा वारंवार लागू लागल्या तर नियमित मात्रेचा फेरविचार करावा लागतो. मॉर्फिनसोबत रेचक दिलेच पाहिजे, कारण बद्धकोष्ठ हा त्याचा जवळजवळ अटळ परिणाम आहे. रेचकाविना कित्येक रुग्ण वेदनेपेक्षा पोट गच्च झाल्याने हैराण होऊन औषध सोडतात. पहिले काही दिवस मळमळ आणि गुंगी येते, ती बहुधा ओसरते.

धोका कोठे आहे हेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे. अतिमात्रेने श्वसन मंदावते आणि माणूस मरू शकतो. श्वास मंदावण्यापूर्वी बहुधा गुंगी वाढते. रुग्ण हाकेला उशिरा ओ देऊ लागला, बोलता बोलता झोपेत घसरू लागला, ही धोक्याची पहिली खूण असते. म्हणून केवळ नाडी आणि रक्तदाब लिहून भागत नाही; गुंगी आणि मिनिटाचे श्वास हेही तपासावे लागतात. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णात औषध शरीरात साचते, तेथे मात्रा व औषध दोन्ही विचारपूर्वक निवडावी लागतात. झोपेच्या गोळ्या व दारू यांच्याबरोबर अफूजन्य औषधांचा मेळ जीवघेणा ठरू शकतो. कातडीवर चिकटवायची फेंटानिलची पट्टी तीन दिवस औषध सोडत राहते. ज्याला पूर्वी अशा औषधाची सवय नाही त्याला ती लावणे, किंवा तिच्यावर शेक देणे, धोक्याचे असते. नॅलॉक्सोन हा अतिमात्रेवरचा उतारा आहे. तो ज्या वॉर्डात मॉर्फिन आहे त्या वॉर्डात हाताशी असलाच पाहिजे. आणि त्याचा परिणाम मॉर्फिनपेक्षा लवकर ओसरतो, म्हणून उतारा दिल्यावरही रुग्णावर नजर ठेवावी लागते.

या सर्व सूचना वाचल्यावर एक गोष्ट ध्यानी येईल. यांतील एकही यंत्राने किंवा पैशाने विकत घेण्यासारखी नाही. त्या सर्वांना माणूस लागतो, आणि ते माणूस बहुधा परिचारिका असते. कुलुपाची किल्ली तिच्याकडे, नोंदवही तिच्याकडे, दोघींनी मिळून मात्रा पडताळायची जबाबदारी तिच्याकडे, आणि रात्री तीन वाजता गुंगीत गेलेल्या रुग्णाला हाक मारण्याचे कामही तिचेच. जेथे भरलेला सबंध वॉर्ड रात्रपाळीला एकटीवर सोपवला जातो, जेथे पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवून कंत्राटी मुलींकडून काम करून घेतले जाते, तेथे 'औषध सुरक्षितपणे वापरा' हे परिपत्रक म्हणजे जबाबदारी वरून खाली ढकलण्याची एक रीत ठरते. चूक घडली की निलंबित होते ती परिचारिका. पदे न भरणारा सचिवालयात सुरक्षित असतो. रुग्णाची सुरक्षितता आणि परिचारिकेची सेवाशाश्वती हे दोन वेगळे प्रश्न नाहीत.

भीतींचे निराकरण

लोकांच्या मनात दोन भीती खोल रुजलेल्या आहेत. पहिली व्यसनाची. काही आठवडे औषध घेतल्यावर शरीर त्याला सरावते आणि ते एकाएकी बंद केल्यास त्रास होतो, म्हणून ते टप्प्याटप्प्याने कमी करावे लागते. हा शरीराचा धर्म झाला. व्यसन ही निराळी अवस्था आहे. तेथे हानी दिसत असूनही माणूस औषधामागे धावतो आणि आयुष्य त्याभोवती फिरू लागते. कर्करोगाने जर्जर झालेला रुग्ण वेळेवर गोळी मागतो तेव्हा तो व्यसनी नसतो, तो रुग्ण असतो. तथापि व्यसनाचा धोका शून्य आहे असे म्हणणे म्हणजे अमेरिकन कंपनीचीच भाषा बोलणे होय. पूर्वी व्यसन असलेल्या माणसाला, किंवा वर्षानुवर्षांच्या पाठदुखीला ही औषधे देताना फार वेगळी सावधगिरी लागते, आणि पुष्कळदा ती न देणेच योग्य असते.

दुसरी भीती अशी की मॉर्फिन म्हणजे मरणाचे बोलावणे. योग्य मात्रेत, पायरीपायरीने दिलेले मॉर्फिन मृत्यू जवळ आणत नाही. ते अखेरच्या घटकेसाठी राखून ठेवल्यामुळेच ही समजूत पसरली आहे. वेदना थांबलेला रुग्ण झोपतो, जेवतो, नातवंडांशी बोलतो. कित्येक पुन्हा हिंडूफिरू लागतात.

राहता राहिला चोरवाटेचा आक्षेप. सरकारी कपाटातील गोळ्या बाहेर विकल्या जातील, हे भय निराधार नाही. पंजाबातील व्यसनाधीनतेचे दृश्य सर्वांसमोर आहे, आणि ट्रॅमाडॉलच्या गैरवापरामुळे ते २०१८ साली याच कायद्याच्या कक्षेत आणावे लागले. परंतु त्यावर उपाय कपाट रिकामे ठेवणे हा नव्हे. गोळीगणिक नोंद, ठरावीक मुदतीचीच चिठ्ठी, रुग्णाच्या मृत्यूनंतर उरलेल्या गोळ्या परत घेण्याची व्यवस्था आणि कुटुंबाला औषध कुलपात ठेवण्याची शिकवण, हे उपाय आहेत. रेशन दुकानात काळाबाजार होतो म्हणून गोरगरिबांचे धान्य बंद करावे, असे कोणताही समाजवादी म्हणणार नाही.

जे करता येते ते झालेले आहे

हे सारे स्वप्नरंजन आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने केरळकडे पाहावे. १९९३ साली कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात एक छोटा दवाखाना सुरू झाला. त्यातून शेजारपाजारच्या स्वयंसेवकांची जाळी उभी राहिली, २००८ साली राज्याने उपशामक उपचारांचे धोरण जाहीर केले, आणि पंचायतींनी घरोघर जाणाऱ्या परिचारिकांचा भार उचलला. युगांडा तर भारताहूनही गरीब देश. तेथे मॉर्फिनची भुकटी पाण्यात मिसळून औषध देशातच बनवले जाते, ते रुग्णाला विनामूल्य मिळते, आणि डॉक्टरांची वाण असल्यामुळे २००४ सालापासून खास प्रशिक्षित परिचारिकांना ते लिहून देण्याचा अधिकार आहे. पैशाची सबब या दोन उदाहरणांपुढे टिकत नाही.

महाराष्ट्राने २०१२ साली आपले उपशामक उपचार धोरण जाहीर केले. मुंबईत शांती अवेदना सदन १९८६ पासून अंतिम अवस्थेतील कर्करुग्णांची सेवा करीत आहे, परळचे टाटा रुग्णालय या क्षेत्रात देशाला मार्ग दाखवीत आले आहे. परंतु परळच्या पदपथांवर बिऱ्हाड मांडून बसलेली दूरदूरच्या जिल्ह्यांतील कुटुंबे हाच पुरावा आहे की जे परळला आहे ते गावाजवळ नाही. आणि प्रश्न केवळ कर्करोगाचा नाही. गडचिरोली व नंदुरबारच्या आदिवासी मुलांना सिकलसेलचे झटके येतात तेव्हा हाडे फुटावीत तशा कळा उठतात. त्यांना अनेकदा मॉर्फिनच लागते. आणि मिळते काय, तर एखादे साधे इंजेक्शन व 'नाटक करतोस' हा शेरा. २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जाहीर झाली. रक्ततपासणीच्या आकड्यांबरोबरच या मुलांच्या कळांचाही हिशेब तिने द्यावा.

कार्यकर्त्यांना यात पुष्कळ करता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही. आपल्या जिल्हा रुग्णालयाने अत्यावश्यक अमली औषधांसाठी मान्यता घेतली आहे काय? तोंडावाटे द्यायचे मॉर्फिन आज कपाटात आहे काय, आणि गेल्या वर्षी ते किती दिवस नव्हते? प्रशिक्षित डॉक्टर किती? नॅलॉक्सोन वॉर्डात आहे की केवळ कागदावर? परिचारिकांची किती पदे रिक्त आहेत? हे पाच प्रश्न लेखी स्वरूपात जिल्हा शल्यचिकित्सकांना विचारावेत, माहितीच्या अधिकारात उत्तरे मागावीत, ती जिल्हा परिषदेत आणि ग्रामसभेत वाचून दाखवावीत. उत्तर समाधानकारक नसेल तर परिचारिकांच्या संघटनेला सोबत घेऊन आग्रह धरावा. तिच्याविरुद्ध नव्हे, तिच्याबरोबर.

माणसाला पोटभर अन्न, अंगभर वस्त्र आणि डोईवर छप्पर मिळाले पाहिजे, ही मागणी जुनी आहे. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी राबलेल्या माणसाला अखेरचे दिवस किंकाळ्या फोडत काढावे लागू नयेत, ही मागणी तिच्याच पंक्तीतली आहे. तिच्या पूर्ततेसाठी क्रांतीची वाट पाहण्याचे कारण नाही. जिल्हा रुग्णालयाचे एक कपाट, त्यातली स्वस्त गोळी, शेजारी नोंदवही, आणि तिच्यापाशी बसायला पुरेशा परिचारिका, इतके झाले तरी पुष्कळ झाले. आणि इतकेही होत नसेल, तर का होत नाही हे विचारणारा माणूस प्रत्येक तालुक्यात असला पाहिजे.